‘परंपरावादी’, ‘सनातनी’ की ‘पुराणमतवादी’? कॅथलिक वादाविषयी लिहिताना

विचारणा (अचलपूर तालुका)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या भागातून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकाचे संपादन मी करते. यंदाच्या अंकात एक लेख कॅथलिक पंथातील अशा लोकांविषयी आहे, ज्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत आणि शिकवणीत झालेले बदल मान्य नाहीत. जगभरातील बिशपांची ही परिषद १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरली होती. लेखकाने या लोकांसाठी ‘सनातनी’, ‘पुराणमतवादी’, ‘कर्मठ’ आणि ‘परंपरावादी’ हे चारही शब्द आलटूनपालटून वापरले आहेत, आणि ज्या बदलांना त्यांचा विरोध आहे त्यांना सर्वत्र ‘सुधारणा’ म्हटले आहे. गावातील एका वयोवृद्ध कॅथलिक काकांना मजकूर वाचून दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सनातनी म्हटलं तं लोकायले भलतंच वाटन, अन् सुधारणा म्हटलं तं मंग भांडन कायचं राह्यलं?” त्यांचे म्हणणे मला पटले आहे, परंतु त्या जागी कोणते शब्द घालावेत हे ठरत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (दारव्हा)

ताई, चारही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी वापरणे योग्य नाही. ‘कर्मठ’ हा शब्द आचरणाविषयी बोलतो. जो विधी काटेकोरपणे पाळतो तो कर्मठ, मग तो विधी जुना असो वा नवा. नव्या पद्धतीची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) एकही दिवस न चुकवणारा कॅथलिकही कर्मठ असू शकतो, म्हणून या वादात तो शब्द काहीच सांगत नाही.

‘पुराणमतवादी’ हा विरोधकाने दिलेला शब्द आहे. स्वतःला पुराणमतवादी म्हणवून घेणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. मराठी कानाला ‘पुराण’ म्हटले की पुराणातली वांगी आठवतात, आणि ज्याचे मत अजून ऐकूनही घेतलेले नाही त्याला आपण आधीच कालबाह्य ठरवून बसतो.

‘सनातनी’ची अडचण अधिक खोल आहे. आगरकरांचे ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाले. त्यानंतर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्यात ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ ही जोडी मराठीत पक्की बसली. आज यांतला एक शब्द वाचला की दुसरा मनात आपोआप उभा राहतो, आणि त्याबरोबर बालविवाह, केशवपन, विधवाविवाह हे सारे प्रश्नही येतात. रोममधील वादात यांपैकी एकही प्रश्न नाही. शिवाय ‘सनातनी’ हे आज अनेक हिंदू अभिमानाने घेत असलेले नाव आहे. काकांनी म्हटल्याप्रमाणे वाचकाला खरोखर भलतेच वाटेल. माझे मत ‘परंपरावादी’ या शब्दाला.

प्रतिसाद (परतवाडा)

दारव्ह्याच्या गुरुजींशी मी सहमत आहे. मी स्वतः कॅथलिक असल्यामुळे हा वाद माझ्या घरातला आहे, आणि त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ‘परंपरावादी’ हा शब्द घ्यावा, पण तो घेताना एक गोष्ट लेखात स्पष्ट व्हायला हवी. दोन्ही बाजू परंपरेवर हक्क सांगतात, आणि खरा वाद परंपरा म्हणजे काय याच प्रश्नावर आहे.

लॅटिनमधील ‘त्रादित्सिओ’ या शब्दाचा मूळ अर्थ एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे असा आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शेवटच्या भोजनाची हकिकत सांगताना, जे मला मिळाले तेच मी तुम्हांला सोपवून दिले, अशा अर्थाचे वाक्य आहे. परंपरावादी यातील ‘तेच’ या शब्दावर बोट ठेवतात. मिळालेली ठेव तशीच पुढे द्यायची. तिची समज वाढू शकते, पण ठेव बदलू शकत नाही. दुसरी बाजू परिषदेच्याच १९६५ च्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजाचा आधार घेते. प्रेषितांकडून आलेली परंपरा पवित्र आत्म्याच्या साहाय्याने ख्रिस्तसभेत वाढत जाते, असे त्यात म्हटले आहे. परंपरावाद्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुढारी, फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र, यांनी १९७० मध्ये संत दहावे पायस बंधुसंघ स्थापन केला, आणि ३० जून १९८८ रोजी पोपच्या संमतीवाचून चार बिशपांना दीक्षा दिली. त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी दोनच दिवसांनी जे पत्र काढले, त्यात या कृतीचे मूळ परंपरेच्या अपुऱ्या आणि परस्परविरोधी कल्पनेत आहे, असे म्हटले होते. परंपरा सोडल्याचा आरोप लफेव्र रोमवर करीत होते, आणि रोमही त्याच शब्दात त्यांना उत्तर देत होते. पुढे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुन्या, म्हणजे परिषदेपूर्वीच्या, मिस्सेवर पुन्हा निर्बंध घातले, त्या आदेशाचे शीर्षकही ‘परंपरेचे रक्षक’ अशा अर्थाचे आहे. ते रक्षक म्हणजे बिशप, असे त्या आदेशाचे पहिलेच वाक्य सांगते. म्हणून ‘परंपरावादी’ हे एका पक्षाचे नाव म्हणून लिहावे. इतर कॅथलिकांनी परंपरा सोडली आहे असा निकाल त्या नावातून वाचकाने काढू नये, एवढी काळजी लेखकाने घ्यावी.

आता ‘सुधारणा’. काकांचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. मराठीत सुधारणे म्हणजे वाईटाचे चांगले करणे. पोरगा सुधारला, रस्ता सुधारला, तब्येत सुधारली, असे आपण म्हणतो. बिघडवणाऱ्या गोष्टीला कोणी सुधारणा म्हणत नाही. तेव्हा ‘परिषदेच्या सुधारणांना परंपरावाद्यांचा विरोध’ असे लिहिले की ते चांगल्या गोष्टीला विरोध करणारे ठरतात, आणि त्यांचे म्हणणे काय आहे हे सांगण्याआधीच ते हरलेले असतात. दुसरी अडचण याहून विचित्र आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘धर्मसुधारणा’ हे नाव सोळाव्या शतकातील मार्टिन ल्यूथर यांच्या चळवळीला दिलेले आहे. १९६९ च्या नव्या मिस्सेवर परंपरावाद्यांचा मुख्य आक्षेपच असा, की ती प्रोटेस्टंट उपासनेच्या फार जवळ गेली. म्हणजे ‘धर्मसुधारणा’ शब्द वापरणारा लेखक नकळत त्यांचाच आरोप मान्य करून बसतो. एकच शब्द एका अर्थाने परंपरावाद्यांवर अन्याय करतो आणि दुसऱ्या अर्थाने परिषदेवर.

येथे न्याय म्हणून हेही नोंदवतो की ‘सुधारणा’ या अर्थाचा शब्द खुद्द रोमनेही वापरलेला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २२ डिसेंबर २००५ च्या भाषणात परिषदेचा अर्थ लावण्याच्या दोन रीती सांगितल्या. एक रीत आधीच्या आणि नंतरच्या ख्रिस्तसभेत खंड पडला असे मानते. दुसरी सातत्य राखून झालेली सुधारणा आणि नूतनीकरण मानते, आणि ती दुसरी रीतच त्यांना मान्य होती. त्यामुळे परिषदेची बाजू मांडणाऱ्या वाक्यात ‘सुधारणा’ खुशाल यावे. लेखकाने स्वतःच्या तोंडी मात्र ‘बदल’ म्हणावे, किंवा मिस्सेपुरते ‘फेररचना’ म्हणावे.

परिषदेने उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजात जो लॅटिन शब्द वापरला, त्याचा अर्थ जुने पुन्हा उभे करणे असा होतो, आणि त्याला मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द तंतोतंत लागू पडतो. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांचा जीर्णोद्धार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा वाद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पडलेली भिंत सावरली, छत गळायचे थांबले, लोक पुन्हा येऊ लागले, हे एका माणसाला दिसते. काळ्या दगडावर ऑइलपेंट फासला आणि गाभाऱ्यात फरशी बसवली, हे दुसऱ्याला दिसते. दोघेही त्याच देवाला नमस्कार करतात. परिषदेचा दस्तऐवज वाचला तर त्यात लॅटिनचा वापर राखावा आणि ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान द्यावे असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि लोकभाषेला त्याच्या जोडीने वाव दिलेला आहे. प्रत्यक्षात काही वर्षांतच बहुतेक ठिकाणी लॅटिनही गेले आणि ते गायनही गेले. परंपरावाद्यांतील मवाळ मंडळींचा आक्षेप परिषदेवर नसून या पुढच्या अंमलावर आहे, हे लेखात आले नाही तर सगळ्यांना एकाच दावणीला बांधल्यासारखे होईल.

आणखी दोन शब्द. जुन्या मिस्सेला ‘लॅटिन मिस्सा’ म्हणण्याची रीत आहे, पण ती दिशाभूल करते, कारण १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी जाहीर केलेला मिस्साग्रंथही मुळात लॅटिनमध्येच आहे आणि ती मिस्सा आजही लॅटिनमध्ये करता येते. फरक भाषेपुरता नाही, प्रार्थनांचा आहे. अर्पणाच्या वेळच्या जुन्या प्रार्थना, ज्यांत बलिदानाचा उल्लेख ठसठशीत होता, त्या जाऊन तेथे भाकर आणि द्राक्षारस यांबद्दल देवाची स्तुती करणाऱ्या लहान प्रार्थना आल्या. कार्डिनल ओतावियानी आणि कार्डिनल बाच्ची यांनी सप्टेंबर १९६९ मध्ये पोपना जे पत्र पाठवले, त्याचा रोख यावरच होता. सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेने मिस्सेविषयी जी शिकवण निश्चित केली तिच्यापासून ही मिस्सा लक्षणीयरीत्या दूर जाते, असे त्यांनी लिहिले. नव्या मिस्साग्रंथाच्या प्रस्तावनेतील सातव्या परिच्छेदात मिस्सेची ओळख प्रभुभोजनासाठी जमलेली देवाच्या प्रजेची सभा अशी करून दिली होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९७० च्या आवृत्तीत तो परिच्छेद बदलावा लागला आणि बलिदानाचा उल्लेख त्यात घातला गेला. आपल्या मराठीत ‘मिस्साबलिदान’ हा जोडशब्द रुळलेला आहे, ही या संदर्भात मला समाधानाची गोष्ट वाटते. ज्या अर्थासाठी तिकडे भांडण झाले, तो अर्थ आपल्याकडच्या साध्या माणसाच्या बोलण्यात टिकून आहे. तेव्हा लेखात ‘लॅटिन मिस्सा’ ऐवजी ‘१९६२ च्या मिस्साग्रंथानुसार होणारी मिस्सा’, आणि पुढे फक्त ‘जुनी मिस्सा’ म्हणावे.

शेवटी, ‘आधुनिकतावाद’. परंपरावादी लेखनात ‘मॉडर्निझम’ हा शब्द पदोपदी येतो. मराठी वाचकाला आधुनिकतावाद म्हटले की मर्ढेकरांची कविता आठवते. कॅथलिक परिभाषेत मात्र हे एका विशिष्ट पाखंडाचे नाव आहे, ज्याचा निषेध पोप पायस दहावे यांनी १९०७ मध्ये केला आणि त्याला सर्व पाखंडांचे सार म्हटले. १९१० पासून १९६७ पर्यंत धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागत असे. म्हणून येथे ‘मॉडर्निझम’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून सांगावा. नाही तर परंपरावादी मोबाइल आणि ट्रॅक्टरच्या विरोधात आहेत, असा समज व्हायचा.

प्रतिसाद (बल्लारपूर)

परतवाड्याच्या भाऊंनी सविस्तर लिहिले आहे. मी एकाच प्रयोगाविषयी बोलते. बहुतेक मराठी लेखांत ‘पूर्वी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून मिस्सा करीत असत’ असे वाक्य असते. ‘पाठ करणे’, ‘पाठ फिरवणे’ हे आपल्याकडे संबंध तोडल्याचे लक्षण आहे. पाहुणा आला आणि आपण पाठ फिरवली, तर तो अपमान होतो. जुन्या मिस्सेत धर्मगुरू आणि लोक सगळेच वेदीकडे, एकाच दिशेला तोंड करून असतात, आणि ती दिशा प्रतीकाने पूर्व मानली जाते. त्यासाठी ‘पूर्वाभिमुख’ हा स्वच्छ शब्द आपल्या रोजच्या वापरात आहे. ‘लोकाभिमुख मिस्सा’ आणि ‘पूर्वाभिमुख मिस्सा’ असे शब्द योजले की कोणावरच आरोप राहत नाही.

माझ्या आजोळच्या जुन्या चर्चमध्ये या बदलाची खूण अजून दिसते. मागच्या भिंतीला लागून तीन पायऱ्यांची दगडी वेदी आहे, तिच्यावर आता फक्त मेणबत्त्या आणि फुले असतात; आणि तिच्या पुढ्यात, लोकांच्या बाजूला, सागवानी मेज मांडलेले आहे. मिस्सा त्या मेजावर होते, आणि धर्मगुरू दगडी वेदी आणि मेज यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहतात. मेज आले तेव्हा आजीला फार वाईट वाटले होते. तिला लॅटिनचे अक्षर कळत नव्हते, तरी ‘एत कुम स्पिरितू तूओ’ हे उत्तर ती स्वयंपाक करतानाही आपल्या वऱ्हाडी उच्चारात म्हणत असे, आणि तिच्या दृष्टीने मिस्सा म्हणजे तेच होते. अशा माणसांना आपल्या लेखात जागा असावी, असे मला मनापासून वाटते.

लेखात ‘सर्व कॅथलिक’ असे लिहिताना आणखी एक खबरदारी घ्यावी. चंद्रपूर भागातील चांदा धर्मप्रांत हा पोपला मानणाऱ्या, पण स्वतःची वेगळी उपासना असलेल्या सिरो-मलबार पंथाचा आहे. १९६२ पासून केरळच्या सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या संघाचे धर्मगुरू येथे काम करीत आले. या पंथाची मूळ उपासनाभाषा सिरियाक होती, लॅटिन नव्हे. त्यांच्या उपासनेला कुर्बाना म्हणतात, आणि तिच्यातही कोणत्या दिशेला तोंड करावे यावरून मोठा वाद झाला आहे. २०२१ मध्ये त्यांच्या बिशपांच्या धर्मसभेने पहिला भाग लोकाभिमुख आणि अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून, अशी सर्वांसाठी एकच रीत ठरवली. केरळातील एर्नाकुलम-अंगमाली येथे तिला तीव्र विरोध झाला. तेथे विरोध करणाऱ्यांना पूर्णतः लोकाभिमुख रीत हवी होती, म्हणजे जुने-नव्याची बाजू तेथे नेमकी उलटी पडते. ‘परंपरावादी’ हा शब्द त्या वादाला सरसकट लावू नये.

प्रतिसाद (रिद्धपूर परिसर)

वरील सर्व मान्य करून ‘लोकभाषा’ या शब्दाविषयी लिहितो. आम्ही रिद्धपूरच्या मातीतले लोक. संस्कृतात लिहिले तर म्हाताऱ्या बाया वंचित होतील म्हणून महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, ही कथा आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्यामुळे ‘लॅटिनऐवजी लोकभाषा आली’ असे वाचले की विदर्भातला वाचक विचार न करता लोकभाषेच्या बाजूने उभा राहतो. माझाही कल तिकडेच आहे आणि तो मी लपवत नाही. मराठीत प्रार्थना करता येणे ही मोठी देणगी आहे.

परंतु परंपरावाद्यांचे म्हणणे लोकांना कळू नये असे नसते. त्यांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत एका बाजूला लॅटिन आणि समोरच्या पानावर लोकभाषा छापलेली असे, आणि प्रवचन तर लोकभाषेतच होत असे. त्यांचा मुद्दा असा की बोलभाषा सतत बदलते, अनुवादात अर्थ निसटतो, आणि न बदलणारी भाषा शिकवणीचे रक्षण करते. याला पुरावा म्हणून ते एक उदाहरण देतात. द्राक्षारसाच्या प्याल्यावरील शब्दांत लॅटिनमध्ये ‘पुष्कळांसाठी’ असे आहे. परिषदेनंतरच्या इंग्रजी अनुवादात आणि इतर काही भाषांत तेथे ‘सर्वांसाठी’ असे आले. पुढे २००६ मध्ये रोमनेच बिशपांना कळवले की मूळ शब्दाला धरून ‘पुष्कळांसाठी’ असेच भाषांतर व्हावे, आणि २०११ च्या नव्या इंग्रजी मिस्साग्रंथात ते तसे झाले. एवढ्या एका गोष्टीत तरी त्यांची तक्रार रास्त होती, असे मला वाटते. म्हणून लेखात ‘लोकभाषा’ हा शब्द ठेवावा, पण त्याच्या समोर ‘मृत भाषा’ हा शब्द ठेवू नये. लेखात तो आला असल्यास ‘उपासनेची जुनी भाषा’ असा बदल सुचवतो.

विचारणाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. लेखकाशी बोलून पहिला परिच्छेद असा केला आहे: “दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साबलिदानाची फेररचना झाली, आणि इतर धर्मांशी असलेले नाते, धर्मस्वातंत्र्य यांविषयी नवे दस्तऐवज परिषदेतच निघाले होते. हे बदल ख्रिस्तसभेने जपलेल्या शिकवणीशी जुळत नाहीत असे मानणाऱ्या कॅथलिकांना या लेखात परंपरावादी म्हटले आहे. परिषदेचे समर्थक हेच बदल परंपरेला धरून झालेली सुधारणा मानतात.” काकांना हे वाचून दाखवले; त्यांनी मान डोलावली.

एक शंका उरली आहे. लेखात शेवटी अशा गटाचा उल्लेख आहे जो सध्याच्या पोपना पोपच मानत नाही. लेखकाने त्यांनाही ‘कट्टर परंपरावादी’ म्हटले आहे. ते चालेल का?

प्रतिसाद (परतवाडा)

चालणार नाही, ताई. ‘कट्टर’ हा शब्द प्रमाण दाखवतो, आणि येथे फरक भूमिकेचा आहे. पोपची जागा रिकामी आहे असे हा गट मानतो. त्यांच्यातील बहुतेकांच्या मते ऑक्टोबर १९५८ मध्ये पोप पायस बारावे वारले, तेव्हापासून खरा पोप झालेलाच नाही. त्यांना ‘रिक्तपीठवादी’ म्हणावे. पीठ रिक्त असणे हे मठांच्या संदर्भात आपण म्हणतोच, त्यामुळे शब्द जड वाटला तरी कळायला अवघड नाही. लफेव्र यांच्या बंधुसंघाला या नावाखाली मुळीच घालू नये. ते पोपना पोप मानतात, मिस्सेत त्यांचे नाव घेतात, आणि तरीही काही बाबतींत त्यांची आज्ञा पाळत नाहीत. लफेव्र यांनी दीक्षा दिलेल्या त्या चार बिशपांवरील बहिष्कार पोप बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये उठवला, पण त्यामुळे संघाला ख्रिस्तसभेत नियमित स्थान मिळाले नाही. तिसरा गट संत पेत्र याजक बंधुसंघासारख्यांचा. हे १९८८ मध्येच लफेव्र यांच्यापासून वेगळे झाले आणि रोमच्या पूर्ण आज्ञेत राहून जुनी मिस्सा करतात. ‘आज्ञेतील परंपरावादी’, ‘अनियमित स्थितीतील परंपरावादी’ आणि ‘रिक्तपीठवादी’ अशी तीन नावे लेखात पहिल्याच पानावर देऊन टाकावीत, म्हणजे पुढे ‘काही परंपरावादी म्हणतात’ अशा वाक्यात ते काही कोण, हे प्रत्येक वेळी सांगता येईल.